तपकिरी तबकडी

साखरपुड्याला काय काय द्यायचं हे आई बोटांवर मोजत होती. अंगठी झाली, कपडे झाले आणि तिसऱ्या बोटावर येऊन ती थांबली. तिसरं बोट घड्याळाचं होतं. मुलाला घड्याळ द्यायचंच, हे आमच्याकडे इतकं गृहीत धरलेलं असतं की त्यावर कधी कोणी बोलत नाही. पण आईने बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी माझ्याकडे, कारण ज्याच्याशी माझं ठरलं होतं त्याच्याकडे आधीच चार-पाच घड्याळं होती, आणि त्यातलं सगळ्यात साधं घड्याळही आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा भारी होतं.

"त्याला आता आपण कसलं घड्याळ देणार?" आई म्हणाली.

"बघू," बाबा म्हणाले. बाबा तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतात. 'बघू' म्हणजे त्यांनी तो प्रश्न डोक्यात घेतला, आणि आता तो सुटेपर्यंत ते त्याबद्दल कोणाशी बोलणार नाहीत. माझ्यात ही सवय त्यांच्याकडूनच आली आहे.

खरं तर या घरात घड्याळांतलं कळतं ते मला. मी जुनी लष्करी घड्याळं जमवते. जमवते म्हणजे फार नाहीत, एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावतील एवढीच. शाळेत आणि कॉलेजात मी जिथे बसले तिथे कोणाचं लक्ष जाणार नाही अशी जागा शोधून बसले. या घड्याळांचंही तसंच असतं, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाच आवडलं. ऊन पडून चकाकू नये म्हणून त्यांचा धातू मुद्दाम निस्तेज ठेवलेला असतो. पट्टा ज्यांत ओवतात त्या दांड्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, कायमच्या जोडलेल्या असतात, म्हणजे धावपळीत घड्याळ मनगटावरून सुटून पडत नाही. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो, म्हणजे सगळ्यांना आपापली घड्याळं एकाच क्षणी लावता येतात. सजावट म्हणून त्यात काही नसतं. मागच्या झाकणावर बाण, म्हणजे सरकारी मालाची खूण, आणि नंबर कोरलेला असतो.

ज्याच्याशी माझं ठरलं त्याचा शौक वेगळा. त्याची घड्याळं लांबून ओळखू येतात. त्यांच्या घरची जमीन नव्या विमानतळाच्या बाजूला होती, त्याआधी तिथे मिठागरं होती. आता त्याचे वडील आणि मामा करंजाड्याला इमारती बांधतात आणि तो त्यांचं काम बघतो. आमची ओळख घड्याळांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर झाली. मी तिथे स्वतःचं नाव आणि फोटो लावलेला नव्हता. एकदा खिडकीत ठेवून मी एका घड्याळाचा फोटो टाकला, तर त्याने कोपऱ्यात दिसणारी पाण्याची टाकी ओळखली आणि लिहिलं, ही रोडपालीची ना? आम्ही रोडपालीलाच राहतो. मी घाबरून फोटो काढून टाकला आणि कितीतरी दिवस खिडकीचा पडदा लावून ठेवला. पुढे आम्ही बोलायला लागलो, पण मला ती भीती अजून आठवते.

आमच्या घरी तो पहिल्यांदा आला तो आईवडील आणि मामांना घेऊन. पोहे झाले, चहा झाला, सगळ्यांनी एकमेकांच्या गावांची चौकशी केली. मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "ते तपकिरीवालं दाखवशील?"

ते माझ्या डब्यातलं सगळ्यात चांगलं घड्याळ होतं. देवळालीच्या एका निवृत्त सुभेदारांच्या मुलीकडून घेतलेलं. त्याची तबकडी मूळची काळी, पण उन्हाने आणि वयाने ती तपकिरी झाली होती, आणि तीही एकसारखी नाही. कडेला गडद आणि मध्ये चहाच्या रंगाची. आकड्यांवरचा अंधारात चमकणारा रंग पिवळा पडला होता, जुन्या लोण्यासारखा. मागे बाणाखाली एक नंबर कोरून त्यावर रेघ मारली होती आणि खाली हाताने दुसरा नंबर कोरला होता, म्हणजे हे घड्याळ एकाने परत केलं आणि दुसऱ्याला दिलं गेलं. असं तपकिरी होणं ठरवून करता येत नाही. शंभर घड्याळांत एखादं होतं, आणि कोणतं होईल ते कोणालाच सांगता येत नाही.

त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. आधी मागची बाजू पाहिली, मग पुढची. मग खिडकीकडे जाऊन उजेडात धरलं. मामांनी विचारलं की एवढं काय हाय त्याच्यात, तर तो त्यांना समजावत बसला, फोटो काढले, पुन्हा उजेडात धरलं. परत देताना त्याने ते माझ्या हातात ठेवलं आणि बोट लगेच काढलं नाही. बाबा समोरच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. मी बघत होते की बाबा बघत आहेत. पण मला वाटलं ते आमच्या बोटांकडे बघत असतील.

साखरपुड्याच्या दोन-तीन आठवडे आधी मी डबा उघडला तर ते घड्याळ नव्हतं.

मी डबा पलंगावर पालथा केला. कपाट रिकामं केलं, उशांचे अभ्रे झटकले. कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आईने पहिलं नाव कामाला येणाऱ्या मावशींचं घेतलं असतं, आणि ते मला नको होतं. कोणालाही न विचारता हरवलेली वस्तू शोधणं फार अवघड असतं. मी जेवताना शोधत होते, ऑफिसचं काम करताना शोधत होते. मावशी केर काढायला आल्या की मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, आणि त्यामुळे त्या मला दोनदा विचारून गेल्या की ताई, बरं नाही का.

शेवटी एका संध्याकाळी बाबा जेवताना सहज म्हणाले, "तुझं एक घड्याळ मी नेलंय बरं का. शोधू नकोस."

"कुठे?"

"ते सांगायचं नाही. आणि त्यालाही काही बोलू नकोस." ते आमटीत बघून हसत होते. आईलाही ठाऊक असावं, कारण ती पोळीवर तूप लावत राहिली.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण एक भीती जाऊन तिच्या जागी दुसरी आली. जुनं घड्याळ दुरुस्तीला दिलं आणि काही सांगितलं नाही तर काय होतं, हे जमवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे नवं करणं. तबकडी धुऊन पुन्हा रंगवतात, केस घासून पॉलिश करतात. दुकानदाराला वाटतं आपण गिऱ्हाइकाला जास्तीचं काही दिलं. ग्रुपवर अशा घड्याळांचे फोटो येतात आणि खाली लोक शोकसंदेश लिहितात तसं लिहितात.

मी बाबांना विचारलं की नुसतं तेलपाणी करायला दिलंय ना. ते म्हणाले, तू काळजी करू नकोस, चांगल्या माणसाकडे दिलंय, कारखान्यातल्या एकाच्या ओळखीचा आहे मुंबईत. मी विचारलं, त्याला तबकडीला हात लावू नको असं सांगता येईल का. ते म्हणाले, अगं, त्याला त्याचं काम कळतं. यापुढे मी विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला काय हवं आहे, आणि त्यांचं ते हसू गेलं असतं. ते हसू मी फार वर्षांनी पाहिलं होतं. माझं ठरल्यापासून ते घरात जरा वाकून चालायला लागले होते. मोठ्या घरात मुलगी द्यायची म्हणून असेल, किंवा मला तसं वाटत असेल. पण घड्याळ नेल्यापासून ते सरळ चालत होते.

मी स्वतःला समजावलं की त्यांनी फक्त काच बदलली असेल. रोज वेगळं समजावलं. एकदा दुपारी पनवेलच्या जुन्या बाजारात जाऊन दोन घड्याळजींकडेही डोकावून आले, ते तिथे नाही हे माहीत असून.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बाबांनी मखमली खोका आणला आणि माझ्यासमोर उघडून धरला.

तबकडी काळीभोर होती. आकडे पांढरेशुभ्र, त्यांच्यावर नवा हिरवट चमकता रंग. केस आरशासारखी झाली होती, तिच्यात मला आमच्या हॉलचा ट्यूबलाइट दिसत होता. कडा गोल झाल्या होत्या. मी ते उलटं केलं. मागचं झाकण गुळगुळीत होतं. बाण नव्हता आणि दोन्ही नंबरही नव्हते.

"मागचे ओरखडेसुद्धा काढून दिले त्याने," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, जावयाला द्यायचंय, जरा नीट कर. त्याला हेच आवडलं होतं ना? मी बघितलं ना तेव्हा. त्याच्याकडे सगळी असतील, पण हे नाही."

आई म्हणाली की आता कसं नवं दिसतंय, नाहीतर त्या गंजक्याला तबकात ठेवायचं कसं. मी विचारलं, जुना रंग खरवडून काढला का. बाबा म्हणाले हो, सगळा. मग मला एक वेगळीच भीती वाटली. या घड्याळांवरचा जुना चमकता रंग रेडियमचा असतो, काचेआड असेपर्यंत ठीक, पण त्याची पूड श्वासात जाणं वाईट. कोणीतरी टेबलावर वाकून ती खरवडली होती. मी विचारलं त्या माणसाने मास्क लावला होता का. बाबांना प्रश्न कळला नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"छान झालंय," मी म्हणाले.

आता त्याला आधी सांगायचं की नाही, हा प्रश्न राहिला. उद्या सगळ्यांसमोर तो ते हातात घेणार, आणि त्याचा चेहरा काहीच लपवू शकत नाही. आवडलं नाही की त्याच्या भुवया खाली येतात, लहान मुलासारख्या. बाबा समोर उभे असणार. सांगितलं तर तो खोटं हसेल, आणि त्याचं खोटं हसू त्याहून वाईट आहे. शिवाय बाबांनी बोलू नकोस म्हटलं होतं. मी मनातलं त्याला नेहमी इंग्रजीतच लिहिते, शाळेत सगळं त्याच भाषेत झाल्यामुळे असेल. मराठीत मला 'काही नाही' हे सगळ्यात चांगलं म्हणता येतं. मी लांबलचक मेसेज लिहिला, खोडला, आणि शेवटी एवढंच पाठवलं की उद्या जे घड्याळ मिळेल ते प्लीज आवडून घे. त्याचं उत्तर लगेच आलं. त्याने लिहिलं होतं की जत्रेतलं प्लास्टिकचं दिलंत तरी घालीन. खाली हसणारे चेहरे. ते वाचून मी फोन पालथा ठेवला, कारण प्लास्टिकचं त्याने खरंच आनंदाने घातलं असतं.

हॉलमध्ये त्याच्याकडची माणसं आमच्यापेक्षा खूप जास्त होती. त्याच्या आत्या आणि मावश्यांच्या गळ्यात भरपूर सोनं होतं आणि त्या मोठ्याने, मोकळं हसत होत्या. आमची माणसं भिंतीला धरून बसली होती. मला साडी सांभाळायची होती, पण मी तबकाकडे बघत होते. अंगठ्या झाल्या. कपडे दिले. मग बाबांनी खोका उचलला आणि स्वतः उघडून त्याच्यापुढे धरला. फोटोवाला म्हणाला, काका, जरा इकडे. बाबा इकडे वळले.

त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याला ते ओळखू आलं नाही. तो एक क्षण मला स्पष्ट दिसला. मग पट्ट्याच्या दांड्यांकडे त्याचं लक्ष गेलं आणि ओळखू आलं. त्याने सवयीने ते उलटं केलं, गुळगुळीत झाकणावरून अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे पाहिलं. भुवया खाली आल्या होत्या. मी मान खाली घातली.

"थँक यू, काका," तो म्हणाला. आवाज नीट होता.

सगळं तिथेच संपलं असतं. पण त्याच्या मामांनी हात पुढे करून घड्याळ घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि हसत म्हणाले, "आरं, ह्येच काय त्ये? फोटूत तं तपकिरी व्हतं. आमाला दाखवून दाखवून डोकं खाल्लंस, याचा रंग बगा, रंग बगा. आता रंगच नाय राह्यला."

दोन-तीन जण हसले. मामांच्या मनात काही नव्हतं, ते सगळ्यांशी असंच बोलतात. तो हळूच म्हणाला, "मामा, राहू दे." बाबांचं हसू तसंच राहिलं, कारण फोटोवाला अजून समोर होता. पण त्यांचा हात रिकामा खोका पुन्हा पुन्हा उघडझाप करत होता.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्यावर बाबा मला हात धुण्याच्या बेसिनपाशी भेटले. नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"मी त्या घड्याळाची वाट लावली का?"

मी 'काही नाही' म्हणणार होते. तोंडात आलंही होतं. पण त्यांनी प्रश्न असा विचारला होता, जसा ते कारखान्यात हाताखालच्या माणसाला विचारत असतील, खरा आकडा सांग म्हणून.

"हो," मी म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण. तो रंग परत येत नाही. मागचा नंबर पण."

ते आरशात बघून म्हणाले, "काल मी विचारलं होतं तुला."

"तुम्ही खूश होतात."

"म्हणून?" ते म्हणाले. मग, "त्याला काय वाटलं?"

"वाईट वाटलं. पण तो तुम्हाला कधी बोलणार नाही."

"तूही बोलली नसतीस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, पण मला तो असायला हवा होता. त्यांनी रुमालाने हात कोरडे केले आणि सरळ त्याच्या टेबलाकडे चालायला लागले. मी त्यांच्यामागे गेले, साडीच्या निऱ्या धरून. मला वाटलं आता इथे सगळ्यांसमोर काहीतरी होणार आणि आयुष्यभर दोन्ही घरांत ते सांगितलं जाणार.

तो मामांच्या शेजारी जेवत होता. घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. बाबांना बघून तो उठायला लागला तर बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं.

"माझी चूक झाली," बाबा म्हणाले. "मला यातलं कळत नाही. तुम्हाला आवडलं होतं ते जुनं होतं म्हणून, आणि मी ते घासून घेतलं. तुम्ही गप्प बसलात, पण माझ्या लक्षात आलंय."

मला खात्री होती की तो आता म्हणेल, नाही हो काका, छानच आहे. मी तेच म्हटलं असतं. त्याने घास खाली ठेवला.

"हो, काका," तो म्हणाला. "मला जुनंच आवडलं होतं."

बाबांनी मान हलवली, एकदा, जसं एखादं मोजमाप बरोबर निघाल्यावर हलवतात तशी. आणि मला दिसलं की त्यांचे खांदे सैल झाले. मी 'छान झालंय' म्हटलं तेव्हा झाले नव्हते.

मामांनी दोघांकडे पाहिलं. आपल्या बोलण्यातून हे सुरू झालं हे त्यांना आत्ता कळलं असावं. ते जरा ओशाळले आणि मग बाबांसाठी खुर्ची ओढत म्हणाले, "बसा व्याही. हातात घालून वापरू दे त्याला. व्हईल परत जुनं. लगीन करतंय पोरगं, आख्खा जनम पडलाय, घाई काय हाय?"

या वेळी बाबाच हसले, आणि बसले. कोणीतरी त्यांच्या पानात जिलेबी वाढली.

त्याला आता काही महिने झाले. लग्न अजून व्हायचं आहे. त्याची भारी घड्याळं कपाटात आहेत आणि तो हेच घालून करंजाड्याला साइटवर जातो. मला ते बरं वाटतं आणि वाटतही नाही. घासताना झाकण पातळ झालं असेल, आत सिमेंटची धूळ जात असेल, एक दिवस बंद पडेल आणि मग बाबांना काय सांगायचं. मी त्याला सारखी विचारते, काच आतून धुरकट झाली का, घड्याळ पुढे जातं का. तो म्हणतो, चालतंय, तू झोप.

परवा त्याने फोटो पाठवला. साइटवर लोखंडी सळई घासून केसच्या कडेला आडवा ओरखडा आला होता, चांगला खोल. खाली त्याने काही लिहिलं नव्हतं. मी बराच वेळ ठरवत होते की हा फोटो बाबांना दाखवायचा का. पूर्वी दाखवला नसता. मग उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेले आणि फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, ओरखड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिला.

"हे चांगलं की वाईट?" त्यांनी विचारलं.

"अजून मलाही माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते फोन परत न देता बघत राहिले.